पाहुण्याचा अभिप्राय

१

पुन्हा सांगायचं म्हणजे कृष्णमूर्तिरावांच्या डोक्याला ताप. भाजी घ्यायला गेले की सांगा, कुणाचा जावई चेन्नैहून आला की सांगा. परवा तर न्हाव्यानं केस कापता कापता कात्री थांबवली आणि म्हणाला, रायर, ते आवाजाचं सांगा. इकडचे तमिळ लोक मराठी घरातल्या बाप्याला रायरच म्हणतात. अर्धं डोकं कापलेलं, उठून जाणार कुठं? सांगितलं. पण ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचं घालून गावभर केलंय. कुणी म्हणतो पांढरी साडी, कुणी म्हणतो पैंजण. साडी नव्हती, पैंजण नव्हते. झालं तेवढंच ऐकायचं असेल तर बसा, आणि मधे तोंड घालू नका.

कुंभकोणात आता मराठी घरं उरलीत थोडी. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि ती मराठी अशी की पुण्याच्या माणसानं ऐकली तर तो तोंडावर हात धरून हसतो. हसू दे. त्या घरांनी मिळून फोनवर एक वाचनमंडळ काढलं होतं. काढलं विजयराघवानं, म्हणून तो स्वतःला अध्यक्ष म्हणवी. महसूल खात्यातून निवृत्त झालेला, सही केल्याशिवाय झोप न येणारा माणूस. मंडळाचं खरं काम करी ती बँकेतली शिवरंजनी. ती रोज संध्याकाळी तमिळ पुस्तकाचं एक प्रकरण घेई, आपल्या घरच्या मराठीत करून मोठ्यानं वाची, आणि तो आवाज सगळ्यांना पाठवी. दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपला अभिप्राय बोलून पाठवायचा. नियम एकच. पुढचं कुणी वाचायचं नाही, आणि चुकून कळलं तर गिळून बसायचं.

कृष्णमूर्तिरावांना मंडळ सोडून दुसरी करमणूक नव्हती. तिसरीत शाळा सुटली, जन्मभर विड्याची पानं विकली, आता दुकान बंद. बायको गेलेली, मुलगी चैत्रा चेन्नैला. गावाच्या मेलकावेरी भागात नदीच्या अंगाला घर, त्यात हे एकटे. बैठकीत साखळ्यांचा मोठा सागवानी झोपाळा आहे, पण त्यावर ते बसत नाहीत, चक्कर येते.

त्या दिवसांत गुप्तहेराची कादंबरी चालली होती. पानापानाला कुणीतरी गच्चीवरून उडी मारी. औषधांच्या दुकानातला मुरली म्हणे, झकास, श्वास घ्यायला वेळ नाही. नागलक्ष्मी, म्हणजे गाण्याच्या शिकवण्या करणारी, तिला त्यातली डॉक्टरीण आवडे. विजयराघव म्हणे, वेग आहे पण साहित्यमूल्य नाही. कृष्णमूर्तिरावांचा अभिप्राय ठरलेला: "हा माणूस तीन देश पळाला, एकदा गुडघा धरून बसला नाही. लिहिणाऱ्याला गुडघे नसावेत."

एका मंगळवारी बाजारात नागलक्ष्मी भेटली. पिशवीत केळफूल, चेहऱ्यावर हसू.

"अण्णा, रागावूं नका. पण तुमच्यापेक्षा तुमच्या पाहुण्यांचा अभिप्राय बरा असतो."

"कोण पाहुणे?"

"ते सकाळी तुमच्या फोनवरून बोलतात ते. किती शांत बोलतात. आम्ही घरी पुन्हा लावून ऐकतों. वैनींच्या माहेरचे काय?"

"माझ्याकडे कुणी आलेलं नाही."

"लपवा, लपवा. जेवायला बोलावीन म्हणून लपवितां." आणि ती केळफूल सावरत निघून गेली.

२

कृष्णमूर्तिराव तिथून तडक मुरलीच्या दुकानात. फोनमध्ये आपण पाठवलेलं मागं जाऊन ऐकायची त्यांना सवय नव्हती. शिवरंजनीचं प्रकरण ऐकायचं, आपलं बोलायचं, फोन झोपाळ्याजवळच्या कोनाड्यात ठेवायचा, संपलं.

"मुरली, माझ्या फोनवरून सकाळी काय येतं ते लाव."

मुरलीनं गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवून लावलं. "मामा, यांना एकदा दुकानी आणा. बोलतात काय."

आवाज पुरुषाचा. वयस्क, पण थकलेला नाही. घाई कसली ती नाही. आणि मराठी अगदी आपल्या घरातली, आजोबांच्या तोंडची.

"या पुस्तकातला जासूद पळतो फार. जासूद पळत नाहीं. तो बाहेरून येतही नाहीं. तो आधींच घरांत बसलेला असतो, आणि घरच्यांस तो आपलाच वाटतो."

मागं एक कुरकूर येत होती. साखळीची. जायची, यायची. तिच्याही मागं, लांब, पाणी पडत होतं. मग कुणीतरी नळाला शिव्या दिल्या, घसा खाकरला, आणि पुन्हा पाणी ओतलं.

तो खाकरणारा घसा कृष्णमूर्तिरावांचा होता.

"मामा, बसा. पाणी देऊं?"

"नको. मी न्हाणीघरात होतो."

"कधी?"

"हे चाललं होतं तेव्हा."

मुरलीला त्यात काही विशेष वाटलं नाही. घरात पाहुणा, यजमान आंघोळीला, पाहुण्यानं यजमानाचा फोन घेतला. सगळं मंडळ हेच धरून चाललं होतं. अशी चूक आमच्या घरांशिवाय दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. या गावात आपली मराठी बोलणारा माणूस म्हणजे कुणाचा ना कुणाचा नातेवाईक, याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. आणि पाहुण्याचं नाव आपणहून विचारायचं नाही, यजमान सांगेल तेव्हा सांगेल, ही आमच्या घरांची रीत. म्हणून एवढे दिवस तो बोलत होता आणि एवढी शहाणी माणसं त्याला वा वा करीत होती.

३

घरी येऊन कृष्णमूर्तिरावांनी माळा पाहिला, देवघरामागची अडगळ पाहिली, परसातली विहीर वाकून पाहिली. मागच्या दाराला आतून कडी होती, तशीच होती. मुरली म्हणाला होता की फोन जुना झाला की दुसऱ्याचं बोलणं त्यात शिरतं. असेल. यंत्रच ते. पण दुसऱ्याच्या बोलण्यात आपला खोकला कसा शिरेल, हे मुरलीला सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी आंघोळ टाळली. फोन तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात खुपसला, झाकण लावलं, झाकणावर वरवंटा ठेवला, आणि स्वयंपाकघरात डब्यासमोर पाट मांडून बसले. मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसे. "आता बघतोच," ते डब्याला म्हणाले.

बराच वेळ काही नाही. मग बैठकीतून साखळी वाजली.

वारा असेल. नदीकडची खिडकी उघडी होती. वाऱ्यानं झोपाळा हलतो, पण आडवातिडवा हलतो, साखळ्या एकमेकींशी भांडतात. हा एका तालात चालला होता. जायचा, यायचा. जड.

कृष्णमूर्तिराव उठले नाहीत. भ्यायले म्हणून नव्हे. डब्यावरची नजर काढायची नव्हती, असं ते अजून सांगतात.

साखळी थांबली. डब्यातल्या डब्यात फोन टिंग करून वाजला.

वरवंटा काढला, झाकण काढलं, तांदळातून फोन उपसला. अभिप्राय गेला होता. लावला. तांदळात पुरलेल्या फोनमधला आवाज कसा गुदमरलेला यायला हवा. हा समोर बसून बोलावं तसा. "मोटार चालविणारा तो मित्रच दगा देणार. आज संध्याकाळीं ऐकालच." मग साखळीची कुरकूर, आणि लांबून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, कृष्णमूर्तिरावांचा आवाज: "आता बघतोच."

फोन स्वयंपाकघरात होता. बोलणं भरलं गेलं होतं बैठकीत.

संध्याकाळी शिवरंजनीनं नवं प्रकरण पाठवलं. मोटार चालवणाऱ्या मित्रानं दगा दिला होता. मंडळ पेटलं. मुरलीनं रडणाऱ्या तोंडांची रांग पाठवली. नागलक्ष्मी म्हणाली, पाहुण्यांना नियम सांगितला नव्हता काय, अण्णा.

"पाहुणा नाही," कृष्णमूर्तिराव फोनमध्ये ओरडले. "घरात मी एकटा आहे. कोण बोलतो ते मला ठाऊक नाही."

ती रात्र त्यांनी दिवा लावून काढली, वीजबिल गेलं चुलीत.

४

सकाळी विजयराघव छत्री घेऊन आला. आत आला नाही. बाहेरच्या ओट्यावर उभा राहिला, म्हणजे शेजारपाजारही ऐकेल.

"कृष्णमूर्ती, पुरे आतां. तूंच बोलतोस, आवाज बदलून."

"मला आवाज बदलता आला असता तर आधी तुझा बदलला असता."

"थट्टा नको. पुस्तक दुकानात मिळतें. कोणाकडून तरी पुढचें वाचवून घेतलेंस आणि आमचा विरस केलास. बरें, मुद्दाम केलें नसेल तर बोललेलें तुझ्या ध्यानात राहात नाहीं. तेंही होतें या वयात."

"तुझं माझं वय एकच आहे."

"म्हणून तर सांगतों. मी तुला मंडळातून काढिलें आहे. आणि चैत्राशीं बोललों आहे."

हे शेवटचं त्यानं छत्री उघडता उघडता सांगितलं. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी उघडली.

दुपारी चैत्राचा फोन. पोरगी रडत होती, पण ठरवून रडत होती. "अप्पा, तुम्हीं दुसऱ्याच्या आवाजात बोलतां म्हणे. घराला कुलूप लावूं. रविवारी गाडी घेऊन येतें. इकडे राहा, डॉक्टरला दाखवूं."

चेन्नैचं घर कृष्णमूर्तिरावांनी पाहिलं होतं. इतक्या उंचावर की खिडकीतून कावळ्याची पाठ दिसते. खाली ओळखीचा एक नाही. तिकडे गेलेला माणूस परत येत नाही, त्याचं घर विकलं जातं, आणि त्याच्या देखत विकलं जातं. म्हणजे आता प्रश्न कादंबरीचा राहिला नव्हता. आवाज आपला नाही हे दाखवायचं, नाहीतर रविवारी गाडीत बसायचं.

त्यांनी शिवरंजनीला फोन लावला. "पोरी, शेवटचं प्रकरण झालं काय पाठवून?"

"नाहीं मामा. मी स्वतःही वाचिलें नाहीं. पुढचें ठाऊक असलें की माझ्या आवाजात कळतें."

"मग ते पाठवू नकोस. रविवारी दुपारी माझ्या बैठकीत येऊन वाच. सगळ्यांना आण. विजयराघवालाही. त्याला म्हणावं, माझा फोन त्याच्याच खिशात ठेव."

"मामा, खरेंच कोणी नाहीं घरात?"

"पाहुणा नाही एवढं खरं," कृष्णमूर्तिराव म्हणाले. "कुणी नाही असं मी म्हणत नाही."

५

रविवारी सगळे आले. चटया टाकल्या, कॉफी दिली. चैत्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी, तिची गाडी बाहेर, मागच्या सीटवर बापासाठी नवी उशी. विजयराघवानं आधी कृष्णमूर्तिरावांना मंडळात परत घेतलं, एका दुपारपुरतं, तसं तोंडानं सांगून. मग त्यांचा फोन आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला, वर बटण लावलं, आणि झोपाळ्यावर बसायला निघाला.

"तिथे नको," कृष्णमूर्तिराव म्हणाले.

"कां?"

"जागा आहे का ते मला ठाऊक नाही."

मुरली हसला. मग त्याचं त्यालाच बरं वाटेना. विजयराघव नाक फेंदारून झोपाळ्याला लागून ठेवलेल्या खुर्चीवर बसला.

शिवरंजनीनं वाचायला सुरुवात केली. गुप्तहेर एका बंद खोलीत शत्रूची वाट पाहतो आहे. एवढे दिवस पळून पळून हा माणूस पहिल्यांदा एका जागी बसला होता, आणि कृष्णमूर्तिरावांना तो पहिल्यांदा आवडला. बाहेर जिन्यावर पावलं. दाराची मूठ फिरते.

मंडळातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

विजयराघवानं खिशाचं बटण काढलं. बटण काढायला त्याला वेळ लागला. "मी कांहीं दाबिलें नाहीं," तो म्हणाला.

"मुरली, लाव," कृष्णमूर्तिराव म्हणाले. त्यांचे ओठ एवढा वेळ मिटलेले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मुरलीनं लावलं. आधी शिवरंजनीचा आवाज, तिनं आत्ताच वाचलेली ओळ, शब्द न् शब्द. त्यावर कुणाचा तरी श्वास, नाकात बारीक शिट्टी वाजणारा, अगदी जवळून. विजयराघवाचं नाक सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. त्याच्या कानाला लागून बसलं तरच तो श्वास एवढा मोठा ऐकू येईल. आणि मग तो शांत आवाज.

"फोन विजयराघवाच्या खिशांत ठेविला, तें बरें केलें. आतां शेवट ऐका."

"बंद कर," कृष्णमूर्तिराव म्हणाले.

मुरलीनं बंद केलं. तरी साखळीची कुरकूर चालूच होती.

झोपाळा हलत होता. जायचा, यायचा. फळीवरची गादी एका बाजूला दबलेली होती. नागलक्ष्मीनं चैत्राचा हात धरला की चैत्रानं नागलक्ष्मीचा, ते त्या दोघींना अजून सांगता येत नाही. खुर्ची पडल्याचा आवाज झाला. विजयराघव अनवाणी ओट्यावरून उतरून रस्त्यानं गेला, वळून न पाहता. कृष्णमूर्तिरावांचा फोन जमिनीवर पडला होता.

कृष्णमूर्तिराव उठून झोपाळ्यासमोर गेले. त्यांना राग आला होता. एवढं पुस्तक ऐकलं, उड्या सोसल्या, गोळीबार सोसला, आणि आता शेवटावर कुणी पाणी ओतणार.

"बसायचं तर बस," ते म्हणाले. "आजवर बसलासच. पण घर माझं आहे, आणि मंडळाला नियम आहे. शेवट सांगायचा नाही. ऐकायचा, मग बोलायचं, ते आम्हा सगळ्यांना आहे तसं तुलाही. कळलं काय?"

झोपाळा थांबला. हलता झोपाळा आपणहून थांबताना हळूहळू मंदावतो. हा पाय टेकवून थांबवतात तसा थांबला. लाल गिलाव्याच्या जमिनीवर टाच टेकल्याचा आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. जमिनीवर कृष्णमूर्तिरावांनी काय पाहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. पाहिल्यावर ते एक पाऊल मागं सरकले, म्हणजे समोरच्याला पाय ठेवायला जागा व्हावी, एवढंच इतरांना दिसलं.

"शिवरंजनी, वाच."

तिचा आवाज पहिल्या ओळींना फुटला. मग पुस्तकानं तिला धरलं. दार उघडलं, शत्रू आत आला, आणि त्या खोलीत काय काय झालं ते ऐकताना कुणी पापणी हलवली नाही. कुठल्याही लेखकाला असे वाचक मिळाले नसतील. प्रत्येकाची पाठ झोपाळ्याकडं, आणि पाठीनंच प्रत्येक जण झोपाळा पाहत होता.

प्रकरण संपलं. मुरली म्हणाला, "फसविलें आपल्याला. शत्रू म्हणून समजलों तो शत्रूच नव्हता." नागलक्ष्मी म्हणाली, "डॉक्टरीण वाचली, मला तेवढेंच हवें होतें." चैत्रानं पुस्तक ऐकलेलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "त्याला घरी जाऊं द्यायला हवें होतें." कृष्णमूर्तिराव म्हणाले, "शेवट चांगला. बसला म्हणून वाचला. आधीच बसला असता तर पुस्तक निम्म्यात झालं असतं."

कुणाची पाळी उरली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जमिनीवरचा फोन टिंग करून वाजला. चैत्रानं खाली बसून लावला. बराच वेळ नुसती कुरकूर, मग: "बाईनें चांगलें वाचिलें."

"थँक्यू सर," शिवरंजनी म्हणाली. बँकेची सवय.

६

तर असं झालं, आणि असंच झालं.

चैत्रा गाडीकडं जाताना पुन्हा म्हणाली, "अप्पा, आतां तर मुळींच राहूं नका."

"परवा म्हणालीस डोकं बिघडलं म्हणून चला. आता म्हणतेस डोकं ठीक आहे म्हणून चला. एक काय ते ठरव."

तिनं भर रस्त्यात पाया पडून माफी मागितली, आणि नवी उशी घरात ठेवून रिकामी गाडी घेऊन गेली. मुरलीनं दुकानासमोर, गिऱ्हाइकांच्या देखत, हात जोडले. नागलक्ष्मी दर गुरुवारी डबा पाठवते. त्यात दोन माणसांचं असतं. कृष्णमूर्तिराव एकाचं जेवतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला घालावं लागत नाही, आणि ते त्याची चौकशी करत नाहीत.

मंडळाचे अध्यक्ष आता कृष्णमूर्तिराव. तिसरी नापास अध्यक्ष, आणि कुणाची ब्र काढायची टाप नाही. नवं पुस्तक सुरू आहे, तेही हेराचंच, समुद्रावरचं. सकाळचा अभिप्राय येतो, बरा असतो, पुढचं सांगत नाही. आंघोळीला जाताना कृष्णमूर्तिराव बैठकीचं दार लोटून घेतात. उघडं ठेवायचं धाडस करायची गरज काय? बोलणाऱ्यालाही आडोसा लागतो.

चपला मात्र ओट्यावर आहेत. त्या दुपारी राहिलेल्या, उत्तम कातडी, महसूल खात्याच्या पेन्शनीतल्या. कृष्णमूर्तिराव त्यांना हात लावत नाहीत आणि त्या त्यांच्या मापाच्याही नाहीत. तरी टाचेकडून झिजत चालल्यात. गेल्या आठवड्यात त्यांच्यावर नदीचा ओला गाळ होता. मालकानं पुऱ्या झिजायच्या आत न्याव्यात. पण नेण्याआधी याच ओट्यावर उभं राहून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात, माफी मागावी लागेल. सगळ्यांनी मागितली. राहिला एकच माणूस, जो हल्ली पलीकडच्या गल्लीनं छत्री उघडून जातो. विजयराघव.